छताचे वय आणि घराचा विमा

स्वतःचे घर ही सर्वसामान्य कुटुंबाची सर्वांत मोठी मिळकत होय. आयुष्यभराची बचत, भविष्य निर्वाह निधीतील रक्कम, बँकेचे कर्ज आणि प्रसंगी घरातील दागिनेही त्यात गेलेले असतात. अशा घराच्या भिंतींना सणासुदीला रंग मिळतो, दारे-खिडक्या मोडल्या की लगेच दुरुस्त होतात. परंतु घरातील माणसांचे ज्याच्यामुळे रक्षण होते त्या छताकडे ते गळू लागेपर्यंत क्वचितच कोणाचे लक्ष जाते. ऊन, वारा आणि पाऊस यांचा मारा मात्र सर्वांत अधिक छतावरच होत असतो.

अलीकडच्या काळात घराचा विमा उतरविण्याकडे लोकांचा कल हळूहळू वाढू लागला आहे. त्याबरोबरच एक प्रश्नही वारंवार विचारला जातो. घर जुने असेल, छताला चाळीस-पन्नास वर्षे झाली असतील, तर विमा मिळतो काय, आणि मिळाला तरी नुकसानीच्या वेळी विमा कंपनी पैसे देते काय? या प्रश्नाचे थोडक्यात उत्तर असे की, छत जुने आहे एवढ्याच कारणाने भरपाईचा हक्क नाहीसा होत नाही. छत कशामुळे पडले, यावर सर्व अवलंबून असते. विमा हा आकस्मिक आघाताचा असतो, झिजेचा नसतो. जुन्या छतावर आघात आणि झीज या दोन्ही गोष्टी एकमेकींत मिसळलेल्या असतात, आणि त्या वेगळ्या करून दाखविण्याची तयारी घरमालकाने आधीपासून ठेवावी लागते.

हैदराबाद शहराचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. देशातील विमा व्यवसायावर देखरेख ठेवणाऱ्या भारतीय विमा नियामक व विकास प्राधिकरणाचे मुख्यालय याच शहरात आहे. शिवाय निरनिराळ्या काळांतील आणि निरनिराळ्या पद्धतींची छते येथे शेजारी शेजारी पाहावयास मिळतात.

हैदराबादची छते

१९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत मराठवाडा हा हैदराबाद राज्याचा भाग होता. नोकरी, वकिली, शिक्षण व व्यापार यांच्या निमित्ताने अनेक मराठी कुटुंबे या राजधानीत स्थायिक झाली. काचीगुडा, सुलतान बाजार, बडी चावडी, इसामिया बाजार या भागांत त्यांची जुनी वस्ती आहे. अशा जुन्या भागांतील घरांवर लाकडी तुळयांवर विटा रचून त्यावर चुन्याचा कोबा केलेली छते, लोखंडी तुळयांमध्ये विटांच्या बसक्या कमानी घातलेली छते, शहाबादी लाद्यांची छते, कवेलूंची उतरती छते, आणि नंतरच्या काळातील सिमेंट काँक्रीटचे स्लॅब असे सर्व प्रकार आढळतात. एकाच वाड्याचा पुढचा भाग चुन्याचा, मधला लाद्यांचा आणि मागचा स्लॅबचा, असेही चित्र दिसते. म्हणजे एकाच घराच्या छताची वये तीन असू शकतात.

या शहराने पाण्याचा तडाखाही वेळोवेळी सोसला आहे. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीला आलेल्या महापुरात सुमारे पंधरा हजार माणसे मृत्युमुखी पडली असे मानले जाते. हजारो घरे वाहून गेली. या आपत्तीनंतर सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांना पाचारण करण्यात आले, आणि पुढे उस्मानसागर व हिमायतसागर हे जलाशय बांधले गेले. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी, १३ व १४ ऑक्टोबर २०२० रोजी, पुन्हा अतिवृष्टी झाली. घटकेसर, हयातनगर अशा काही भागांत एका दिवसात ३०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळला. बंडलागुडा भागात एक मोठी आवारभिंत शेजारच्या घरांवर पडून मनुष्यहानी झाली. तेलंगणा शासनाने पूरग्रस्त कुटुंबांना प्रत्येकी १० हजार रुपये, पूर्ण पडलेल्या घरासाठी १ लाख आणि अंशतः पडलेल्या घरासाठी ५० हजार रुपये मदत जाहीर केली.

शासनाची मदत ही संकटातील आधार असते. ती घराच्या किमतीच्या प्रमाणात नसते आणि असूही शकत नाही. घर पुन्हा उभे करावयाचे तर त्यासाठी विम्याचाच आधार घ्यावा लागतो, कारण विम्याची भरपाई हा करारातून निर्माण झालेला हक्क असतो.

छत म्हातारे कसे होते

छताचे वय केवळ वर्षांत मोजून चालत नाही. प्रत्येक प्रकारचे छत आपापल्या रीतीने जुने होते.

चुन्याच्या छताचा कोबा उन्हाने तापतो, रात्री थंड होतो, आणि या आकुंचन-प्रसरणाने त्याला बारीक तडे जातात. तड्यांतून उतरलेले पाणी तुळयांच्या भिंतीत गाडलेल्या टोकांशी साचते. बाहेरून तुळई ठणठणीत दिसते, पण भिंतीच्या आत तिचे टोक कुजलेले असते. कमानींच्या छतात लोखंडी तुळईचा खालचा भाग गंजतो आणि विटा निसटू लागतात.

सिमेंट काँक्रीटच्या स्लॅबबद्दल तो कायमचा टिकतो असा एक समज आहे. तो खरा नव्हे. स्लॅबमधील सळईवर काँक्रीटचे पातळ आवरण असते. ओल व हवा त्यातून हळूहळू आत शिरते. सळई गंजू लागली की फुगते, आणि फुगलेली सळई खालचे काँक्रीट ढकलून देते. प्रथम छताला तांबूस डाग पडतात, मग सळईच्या रेषेत तडा जातो, शेवटी पोपडे गळून सळई उघडी पडते. या अवस्थेपर्यंत अनेक घरांत केवळ गिलावा करून वरून रंग दिला जातो. त्यामुळे दोष झाकला जातो, थांबत मात्र नाही.

पत्र्याच्या छतात पत्रा टिकतो, पण त्याला धरून ठेवणारे आकडे आणि वायसर आधी गंजतात. वादळी वाऱ्यात पत्रा उडतो तो बहुधा याच कारणाने. कौलारू छतात दरसाल शाकारणी न झाल्यास वाशे भिजत राहतात.

यांशिवाय जुन्या छतावर नवे ओझे वाढत जाते. पाण्याच्या टाक्या, गळती थांबविण्यासाठी एकावर एक घातलेले कोब्याचे थर, झाडांच्या कुंड्या, कधी कधी संपूर्ण वरचा मजला, असा भार जुन्या तुळयांवर चढविला जातो. छताची ताकद वर्षागणिक कमी होते आणि त्यावरचा भार वर्षागणिक वाढतो. छताचे खरे वय या दोहोंच्या अंतरावरून ठरते.

किल्लारीने शिकविलेला धडा

या गोष्टीचे सर्वांत करुण उदाहरण मराठवाड्यातच घडले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला. लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आताचा धाराशिव, या जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसे दगावली. तेथील घरे जाड दगडी भिंतींची होती. दगड मातीच्या गाऱ्यात रचलेले होते आणि वर माळवद होते. लाकडी तुळया व फळ्यांवर मातीचा एक ते दोन फूट जाडीचा थर, हे माळवदाचे स्वरूप. उन्हाळ्यात थंडावा देणारे हे छत त्या हवामानाला साजेसे होते, यात शंका नाही. परंतु पावसाळ्यापूर्वी गळती थांबविण्यासाठी त्यावर नवी माती टाकली जाई. जुनी माती मात्र काढली जात नसे. अशा रीतीने पिढ्यान् पिढ्या छत जड होत गेले. जमीन हादरली तेव्हा दुबळ्या भिंती फुटल्या आणि हे सारे ओझे झोपलेल्या माणसांवर आले.

भूकंपानंतर तज्ज्ञांनी जे उपाय सुचविले त्यांत छतावरील मातीचा थर कमी करणे आणि भिंतीत आरपार जाणारे दगड बसविणे, हे साधे उपाय होते. दुरुस्ती करताना नवे घालण्याआधी जुने काढावे, हा किल्लारीचा धडा होय. तो माळवदाला लागू आहे तसाच शहरातील गच्चीवर चढणाऱ्या कोब्याच्या थरांनाही लागू आहे.

घराचा विमा म्हणजे काय

भारतात सर्वसाधारण विम्याचे १ जानेवारी १९७३ पासून राष्ट्रीयीकरण झाले आणि चार सरकारी कंपन्या अस्तित्वात आल्या. २००० सालापासून खाजगी कंपन्यांनाही परवाने देण्यात आले. घराचा विमा त्या काळी मुख्यतः आगीच्या विम्याच्या स्वरूपात मिळत असे आणि भूकंपाचे संरक्षण जादा हप्ता भरून घ्यावे लागे. प्रत्येक कंपनीची भाषा व अटी निरनिराळ्या झाल्याने सामान्य माणसाचा गोंधळ होत असे. तो टाळण्यासाठी विमा नियामक प्राधिकरणाने 'भारत गृह रक्षा' नावाचे प्रमाणित विमापत्र ठरवून दिले. ते १ एप्रिल २०२१ पासून उपलब्ध झाले.

या विमापत्रात आग, स्फोट, वीज पडणे, भूकंप, वादळ, पूर व जलमयता, जमीन खचणे व दरड कोसळणे, वणवा, बाहेरील वस्तूचा आघात, दंगल व हेतुपुरस्सर केलेली नासधूस, दहशतवादी कृत्य, पाण्याच्या टाक्या व नळ फुटणे किंवा ओसंडणे अशा घटनांचा समावेश आहे. या घटनांनंतर सात दिवसांच्या आत झालेली चोरीही त्यात येते. घराबरोबरच गॅरेज, आवारभिंत, पाण्याची टाकी, सौर पटल यांचाही घराच्या व्याख्येत अंतर्भाव होतो. विम्याची मुदत दहा वर्षांपर्यंत घेता येते.

या यादीकडे नीट पाहिले असता एक गोष्ट लक्षात येते. तीत 'छत जुने झाल्याने पडणे' असे काही नाही. 'पावसाने छत गळणे' असेही नाही. वादळ आहे, पूर आहे. परंतु तड्यातून ठिबकणारे पाणी, भिंतीला चढणारी ओल, गंजलेली सळई, कुजलेली तुळई यांपैकी काहीही नाही. विमापत्रात ज्या घटना नमूद आहेत त्यांपैकी एखादी घडली, आणि तिच्यामुळे नुकसान झाले, तरच भरपाई मिळते.

वयाचा प्रश्न कोठे उपस्थित होतो

हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, एकाच गल्लीत साठ वर्षांपूर्वीची दोन घरे आहेत. एका रात्री वादळ होते. पहिल्या घरावर कडुनिंबाचे मोठे झाड कोसळते आणि छत मोडते. दुसऱ्या घराला त्या रात्री काहीच होत नाही. मात्र पुढील महिन्यात, कोरड्या दुपारी, त्याच्या छताचा एक भाग आपोआप खाली येतो. दोन्ही छतांचे वय सारखेच. पहिल्या घराला भरपाईचा हक्क आहे, कारण झाड पडणे हा बाहेरील वस्तूचा आघात आहे. दुसऱ्या घराला तो नाही, कारण तेथे कोणतीही नमूद घटना घडलेली नाही.

बंडलागुड्यासारखी घटना याच नियमाने समजून घेता येते. बाहेरील वस्तूच्या आघातात शेजारची भिंत पडणे याचाही समावेश विमापत्रात आहे. शेजाऱ्याची भिंत आपल्या छतावर पडली तर ती विम्याच्या कक्षेत येते. आपलीच भिंत झिजून पडली तर येत नाही.

खरी अडचण येते ती तिसऱ्या प्रकारात. वादळ झाले आणि त्याच रात्री जुने छत पडले. घरमालक म्हणतो, वादळाने पडले. सर्वेक्षक म्हणतो, सळई पूर्वीच गंजली होती, छत पडावयाचेच होते, वादळ केवळ निमित्त झाले. विमा शास्त्रात याला निकट कारणाचा प्रश्न म्हणतात. नुकसानीचे प्रभावी कारण कोणते, हे येथे पाहिले जाते. छत जुने असूनही धडधाकट होते आणि वादळामुळेच पडले, हे दाखविता आले तर घरमालकाची बाजू भक्कम होते. हे दाखविण्यासाठी तोंडी सांगणे पुरत नाही, कागद लागतो. छताचे वय घरमालकाच्या विरुद्ध जाते ते मुख्यतः येथे, पुराव्याच्या अभावी.

वयाचा प्रश्न आणखी एका ठिकाणी येतो, तो म्हणजे विमा घेताना. प्रस्तावपत्रात इमारतीच्या बांधकामाचे वर्ष आणि प्रकार विचारला जातो. गवत, बांबू, लाकडी फळ्या, ताडपत्री अशा छताच्या घरांना आगीच्या विम्यात कच्चे बांधकाम समजण्यात येते. फार जुन्या इमारतीबाबत कंपनी अभियंत्याचा दाखला किंवा पाहणी मागू शकते. विम्याचा करार परम सद्भावावर आधारलेला असतो, म्हणून विचारलेली माहिती खरी देणे हे विमेदाराचे कर्तव्य आहे. हप्ता थोडा कमी व्हावा म्हणून साठ वर्षांचे घर तीस वर्षांचे लिहिणे म्हणजे पुढील दावा आपल्याच हाताने धोक्यात घालणे होय.

विम्याची रक्कम व घसारा

जुन्या घराच्या मालकाला दुसरी चिंता असते ती रकमेची. जुन्या छताची किंमत काय लावणार?

येथे दोन पद्धती समजून घ्याव्या लागतात. पहिली बाजारमूल्याची पद्धत. तीत वयाप्रमाणे घसारा वजा होतो. छताचे आयुष्य साठ वर्षे धरले, छत तीस वर्षांचे असले आणि नवे घालण्यास ३ लाख रुपये लागत असले, तर ढोबळ हिशेबाने निम्मी, म्हणजे दीड लाख एवढीच रक्कम हाती येईल. उरलेले दीड लाख घरमालकाने आपल्या खिशातून घालावयाचे. दुसरी पद्धत पुनर्बांधणी मूल्याची. तीत बांधकामाचा आजचा खर्च धरला जातो.

'भारत गृह रक्षा' विमापत्रात इमारतीची विमा रक्कम काढण्याची रीत सोपी आहे. घराचे चटई क्षेत्रफळ गुणिले विमा घेतेवेळचा बांधकामाचा दर, हा तो हिशेब. ८०० चौरस फुटांचे घर असेल आणि बांधकामाचा दर चौरस फुटास २,००० रुपये धरला, तर विमा रक्कम १६ लाख रुपये होते. यात जमिनीची किंमत धरली जात नाही, कारण जमीन जळत नाही की वाहून जात नाही. इमारतीचा विमा घेतल्यास घरातील सर्वसाधारण सामानाला इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाख रुपयांपर्यंत, आपोआप संरक्षण मिळते. वरील उदाहरणात ही रक्कम ३ लाख २० हजार होईल.

पूर्वीच्या विमापत्रांत अपुऱ्या विम्याची एक अट घरमालकांना जाचक ठरत असे. १६ लाखांच्या घराचा विमा ८ लाखांचाच घेतला आणि नुकसान २ लाखांचे झाले, तर त्याच प्रमाणात निम्मी म्हणजे १ लाख एवढीच भरपाई मिळे. 'भारत गृह रक्षा' मध्ये ही कपात रद्द करण्यात आली असून, विमा रकमेच्या मर्यादेत पूर्ण नुकसान दिले जाते. याशिवाय वास्तुविशारद व अभियंता यांचे शुल्क दाव्याच्या ५ टक्क्यांपर्यंत आणि ढिगारा उपसण्याचा खर्च २ टक्क्यांपर्यंत मिळतो.

मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी. अंशतः नुकसान झाल्यास नुकसानीच्या वेळी घर ज्या स्थितीत होते, साधारण त्याच स्थितीत ते आणण्याचा खर्च कंपनी देते. वादळात छताचा एक कोपरा मोडला, म्हणून गंजलेला संपूर्ण स्लॅब विम्यातून नवा करून मिळेल, ही अपेक्षा चुकीची आहे. तसेच विमा घेतल्यानंतर नवी खोली किंवा मजला बांधून चटई क्षेत्रफळ १० टक्क्यांहून अधिक वाढविले, तर कंपनीस कळवून जादा हप्ता भरणे आवश्यक आहे. अन्यथा त्या वाढीव बांधकामास संरक्षण मिळत नाही.

परदेशातील अनुभव

अमेरिकेत, जेथे आज अनेक मराठी कुटुंबे घरे घेऊन राहत आहेत, छताचे वय हा गृहविम्यातील कळीचा मुद्दा आहे. तेथील बहुसंख्य घरांवर डांबरी खपल्यांची छते असतात आणि ती साधारणतः वीस-पंचवीस वर्षांत बदलावी लागतात. छत जुने झाले की काही कंपन्या घसारा वजा करूनच भरपाई देतात, तर काही विम्याचे नूतनीकरणच नाकारतात. चक्रीवादळांच्या फ्लॉरिडा राज्यात याविषयी फार तक्रारी झाल्या, तेव्हा २०२२ साली तेथे कायदा करण्यात आला. छत पंधरा वर्षांहून कमी वयाचे असेल तर केवळ वयाच्या कारणास्तव विमा नाकारता येत नाही. त्याहून जुन्या छतासाठी मालकास पाहणी करून घेण्याची संधी द्यावी लागते, आणि छताचे निदान पाच वर्षे आयुष्य शिल्लक आहे असे पाहणीत ठरल्यास केवळ वयाचे कारण पुढे करता येत नाही.

आपल्याकडील छते वेगळी आणि विमापत्रेही वेगळी आहेत. परंतु वर्षांच्या आकड्यापेक्षा प्रत्यक्ष पाहणी श्रेष्ठ, हे तत्त्व येथेही तितकेच उपयोगी आहे. महाराष्ट्रात सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत हेच तत्त्व आले आहे. १५ ते ३० वर्षे वयाच्या इमारतीची संरचनात्मक तपासणी पाच वर्षांतून एकदा, आणि ३० वर्षांहून जुन्या इमारतीची तीन वर्षांतून एकदा करावी, असे त्यांत सांगितले आहे. हैदराबादमध्येही पावसाळ्यापूर्वी धोकादायक इमारतींची पाहणी होऊन मालकांना नोटिसा दिल्या जातात. अशी नोटीस ही संकट येण्यापूर्वी मिळालेली सूचना समजून तातडीने कार्यवाही करणे हिताचे असते. नोटीस कपाटात ठेवून दिल्यास जीव धोक्यात येतो आणि पुढे दाव्याच्या वेळी तोच कागद मालकाविरुद्ध बोलतो.

घरमालकाने काय करावे

जुने छत असलेल्या घरमालकाने पुढील गोष्टी अवश्य कराव्यात.

(१) दरवर्षी मे महिन्यात छतावर स्वतः चढून पाहावे. पन्हळी मोकळ्या करणे, कठड्यालगतचे तडे भरणे, उगवलेले पिंपळाचे रोप मुळासकट काढणे ही कामे अल्प खर्चाची आहेत.

(२) त्याच वेळी छताची वरून व खालून छायाचित्रे घ्यावीत आणि तारखेसह जपून ठेवावीत. वादळापूर्वी छत कसे होते याचा यापेक्षा चांगला पुरावा नाही.

(३) छतासाठी एक वही ठेवावी. तीत बांधकामाचे वर्ष, छताचा प्रकार, झालेल्या दुरुस्त्या, गवंड्यास व साहित्यास दिलेली रक्कम यांची नोंद करावी आणि पावत्या त्यातच चिकटवाव्यात.

(४) घर तीस वर्षांहून जुने असल्यास पात्र अभियंत्याकडून तपासणी करून लेखी अहवाल घ्यावा व त्यात सुचविलेली दुरुस्ती खरोखर करावी. अहवाल घेऊन दुरुस्ती न करणे हे अहवाल न घेण्याइतकेच घातक आहे.

(५) ग्रामीण भागात ग्रामपंचायतीच्या नमुना ८ चा उतारा, आणि शहरात मालमत्ता कराच्या पावत्या जपाव्यात. घराची मालकी व वर्णन सिद्ध करण्यास त्या उपयोगी पडतात.

(६) गृहकर्जाबरोबर घेतलेला विमा बहुधा कर्जाच्या मुदतीपुरताच असतो. कर्ज फिटले की विमाही संपतो, आणि नेमके त्याच सुमारास छत जुने होऊ लागलेले असते. म्हणून कर्ज फिटताच विम्याची मुदत तपासावी.

(७) सदनिकेत राहणाऱ्यांनी छत सामाईक असते हे विसरू नये. शेवटच्या मजल्यावरील कुटुंबाची गळती ही संपूर्ण संस्थेची जबाबदारी आहे. संस्थेने सामाईक छतासह इमारतीचा विमा घेणे सर्वांच्या हिताचे आहे.

नुकसान झाल्यावर कंपनीस विनाविलंब कळवावे. अधिक हानी टाळण्यापुरती ताडपत्री घालावी, टेकू द्यावेत. पण सर्वेक्षकाने पाहण्यापूर्वी ढिगारा हलवू नये. महसूल कर्मचाऱ्यांनी केलेल्या पंचनाम्याची प्रत मागून घ्यावी. त्या दिवशीच्या वाऱ्या-पावसाची हवामान खात्याची नोंद उपलब्ध झाल्यास तीही दाव्यासोबत जोडावी.

दावा नाकारला गेल्यास

'छत जुने होते' एवढेच मोघम कारण देऊन दावा फेटाळला गेल्यास घरमालकाने खचून जाऊ नये. विमापत्रातील कोणत्या अटीखाली दावा नाकारला, हे लेखी मागावे आणि सर्वेक्षकाच्या अहवालाची प्रत घ्यावी. प्रथम कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज करावा. तेथे समाधान न झाल्यास किंवा महिनाभरात उत्तर न आल्यास विमा लोकपालाकडे जाता येते. ५० लाख रुपयांपर्यंतच्या दाव्यांच्या तक्रारी तेथे विनाशुल्क ऐकल्या जातात आणि वकिलाची आवश्यकता नसते. हैदराबाद, मुंबई व पुणे येथे लोकपालांची कार्यालये आहेत. नियामक प्राधिकरणाच्या १५५२५५ या निःशुल्क दूरध्वनी क्रमांकावरही तक्रार नोंदविता येते. ग्राहक आयोगाचा मार्ग तर खुला असतोच. या प्रत्येक ठिकाणी छायाचित्रे, पावत्या आणि अभियंत्याचा अहवाल हेच घरमालकाचे खरे साक्षीदार ठरतात.

सर्वांचे सहकार्य हवे

या कामी गावातील शिक्षक व शासकीय कर्मचारी मोलाची मदत करू शकतात. विद्यार्थ्यांना आपापल्या घराचे छत कोणत्या प्रकारचे आहे, ते केव्हा घातले, त्यावर काय काय ओझे आहे, याची नोंद करावयास सांगितली, तर घराघरांत हा विषय सहज पोहोचेल. ग्रामसभेत पावसाळ्यापूर्वी अर्धा तास या प्रश्नासाठी दिल्यास ज्यांचे पत्रे सैल आहेत, ज्यांचे माळवद जड झाले आहे, त्यांना वेळीच सावध करता येईल.

विम्याने पैसे मिळतात; छताखाली सापडलेला माणूस परत मिळत नाही. म्हणून दुरुस्ती प्रथम आणि विमा नंतर, हा क्रम कोणीही बदलू नये. परंतु जो घरमालक छताची वेळेवर निगा राखतो आणि तिची नोंद ठेवतो, त्याला एकाच श्रमात दोन फळे मिळतात. त्याचे छत अधिक काळ टिकते, आणि एखाद्या वादळी रात्री ते पडलेच, तर आपल्या हक्काची भरपाई मागण्यास तो रिकाम्या हाताने जात नाही.